जातीच्या रकान्यात काय लिहायचं? सांगलीतल्या मांजरांच्या नोंदी, जून २०२४ ते मे २०२५

९ जून २०२४

वहिनी आणि मी गेली चार वर्षं विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत सोडवून आणलेली मांजरं सांभाळतो. जंताचं औषध, लस, नसबंदीचं ऑपरेशन झालं की घर शोधून देतो. देताना एक फॉर्म भरून घेतो. त्यात वय, लिंग, रंग आणि 'जात' असे रकाने आहेत. जातीच्या रकान्यात आजवर आम्ही नजरेला वाटेल ते लिहीत आलो. लांब केस दिसले की पर्शियन मिक्स, कान-तोंड काळं असलं की सयामी मिक्स, बाकी सगळी देशी.

गेल्या महिन्यात मिरजेच्या एका बाईंनी फोनवर विचारलं, "पर्शियन मिक्स लिहिलंय ते कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ही वही. येणाऱ्या प्रत्येक मांजराचा पहिला अंदाज तारखेसह लिहायचा आणि पुढं काय निघालं तेही लिहायचं. चुकलं तर खोडायचं नाही.

१६ जून

मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामातून हमाल मामांचा फोन. "ओ ताई, थप्पीमागं मांजरीचं पिल्लू हाय बघा. आय कुटं दिसंना दोन दिस." गेलो. पिल्लू एकच, बोका, ३८० ग्रॅम. पुढचे दात आणि सुळे आलेले, म्हणजे चार आठवड्यांच्या आसपास. डोळे निळे. अंग फिकट पिवळं, सायीवर केशर सांडल्यासारखं.

पहिला अंदाज: क्रीम रंग, निळे डोळे, म्हणून पर्शियन मिक्स. नाव हळदू.

चूक पहिली: घरी आणताच आंघोळ घातली. वहिनींनी हाताला लावायच्या साबणाची वडी घेतली आणि दोन मिनिटांत फेस लालभडक झाला. मला वाटलं, कुठंतरी जखम आहे. मी पिल्लू उलटंपालटं करून बघत राहिले, ते थंडीनं कुडकुडायला लागलं. वहिनीच म्हणाल्या, "वन्सं, रक्त नाही ते. हळद आहे. हळदीला चुना लागला की कुंकू होतं ना, तसंच साबणानं झालंय." खरं होतं. पिल्लाचा रंग क्रीम नव्हताच, गोदामातली हळद केसांच्या मुळापर्यंत बसली होती. खालून दूधपांढरं पिल्लू निघालं.

त्या घोळात पिल्लू गार पडलं. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली लावून दीड तास छातीशी धरून बसले, तेव्हा ते पुन्हा दूध ओढायला लागलं. इतक्या लहान पिल्लाला आंघोळ घालायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं, हे मला माहीत असूनही मी घाई केली. हळद पाण्यात विरघळत नाही, तेलात सुटते. कापसावर दोन थेंब खोबरेल घेऊन पुसलं असतं तरी बरीचशी निघाली असती. उरलेली उन्हात आपोआप फिकी होईल.

सांगलीत गोदामातून किंवा हरिपूरच्या पेवांच्या (हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांच्या) बाजूनं मांजर आलं तर रंगाची नोंद चौथ्या दिवशी करायची.

१९ जून

हळदूला डॉक्टरांकडे नेलं. फी ३०० रुपये. डोळ्यांवरून जात लिहिली म्हणताच त्यांनी टेबलावरचं दुसरं पिल्लू दाखवलं, साधं पट्टेरी. त्याचेही डोळे निळे. सगळ्याच पिल्लांचे डोळे सहा-सात आठवड्यांपर्यंत निळे असतात, खरा रंग त्यानंतर उतरतो. चार वर्षं पिल्लं सांभाळून ही गोष्ट मी शेकडो वेळा डोळ्यांनी पाहिली होती. फॉर्म भरताना ती कधीच आठवली नाही.

डॉक्टर आणखी एक बोलले ते महत्त्वाचं वाटलं. कुत्र्यासारखा विचार मांजराला लावू नका. मांजरांच्या बहुतेक जाती गेल्या दीडशे वर्षांत माणसानं निवडून तयार केल्या. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यानंतर हा छंद वाढला. आपल्या गल्लीतली मांजरं कुठल्या दोन जातींची भेसळ नव्हेत. ती धान्याच्या आणि गोदामांच्या आधारानं हजारो वर्षं अशीच राहत आलीत. पुष्कळशा जातीच उलट अशा साध्या मांजरांतून वेचून काढल्या. त्यामुळे 'हे कशाचं मिक्स' या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तरच नसतं.

मी हे लिहून घेतलं, पण तेव्हा फारसं पटलं नव्हतं.

२३ जून

गावभागात जुना वाडा पाडताहेत. तिथून तीन पिल्लं, सहा आठवड्यांची. दोन काळीपांढरी बांडी. तिसरी भाटी, म्हणजे मादी, अंग ताकाच्या रंगाचं, कान, नाक, पंजे आणि शेपटी मात्र काळसर तपकिरी. डोळे निळे. तिघांची आई तिथंच होती, काळीपांढरी, अगदी रोजच्या पाहण्यातली. वाड्यातल्या आजींनी शपथेवर सांगितलं की तिन्ही तिचीच.

पहिला अंदाज: सयामी मिक्स. नाव बेदाणी. बाप कुणीतरी पाळलेला सयामी बोका असणार, असं आम्ही ठरवून टाकलं.

७ जुलै

हरिपुरातून एक काळी भाटी. सुळे पक्के, सहा-सात महिन्यांची, पण अंगानं फार हडकुळी. एक म्हातारं जोडपं तिला रोज दूध-भाकरी घालायचं. ऊन पडलं की अंग चॉकलेटी दिसतं, पाठीवर तर तांबूस.

पहिला अंदाज: बर्मीज मिक्स. नाव काजळी. हा अंदाज मला सगळ्यात पक्का वाटतोय. फोटो ताडून पाहिले, रंग तंतोतंत जुळतो.

२८ जुलै

चार दिवस पाऊस थांबलेला नाही, नदीकाठच्या सखल भागातली माणसं पाण्यावर डोळा ठेवून आहेत. पहाटे दारात पुठ्ठ्याचं खोकं. आत राखाडी लांब केसांची मोठी भाटी, नाक बसकं, डोळ्यांतून पाणी, मानेखाली आणि काखेत केसांचे गठ्ठे इतके घट्ट की पुढचा पाय नीट टाकता येईना. वजन २.६ किलो.

गठ्ठे कापायला दोन दिवस लागले. कात्रीनं सुरुवात केली ती चूक. मांजराची कातडी सैल असते, गठ्ठ्याबरोबर वर ओढली जाते. पहिल्याच गठ्ठ्याला कातडीला बारीक चीर गेली. मग थांबलो, डॉक्टरांकडे नेऊन मशीननं काढून घेतलं, ७०० रुपये. काखेतली कातडी ओली लाल झाली होती. किती दिवस ती तशीच बसून असेल, कोण जाणे.

नाव रेशमी. पहिला अंदाज: पर्शियन मिक्स, निम्मी. कारण नाक अगदीच चपटं नाही. डॉक्टर म्हणाले, नाकावरून निम्मं-पाव काढू नका. बाजारात असल्यांना 'डॉल फेस' म्हणतात, चपट्या नाकाच्यांना 'पंच फेस', मधल्यांना 'सेमी पंच', आणि तिन्ही पर्शियन म्हणूनच विकतात. कागदपत्रं कुणाकडेच नसतात.

आणि पोटाला हात लावून म्हणाले, "गाभण आहे ही."

४ ऑगस्ट

बेदाणीला कुपवाडच्या एका कुटुंबानं नेलं. फॉर्मवर आम्ही 'सयामी मिक्स' लिहिलं. त्यांना तेच हवं होतं.

हळदूचे डोळे बदलले. डावा मधासारखा पिवळा झाला, उजवा निळाच राहिला. डोक्यावर आठ आण्याच्या नाण्याएवढा करडा ठिपका दिसतोय, तो आधी हळदीखाली झाकला होता. पूर्ण पांढऱ्या पिल्लांना असा ठिपका कधी कधी असतो आणि वर्षभरात जातो. पांढऱ्याखाली खरा रंग कुठला दडलाय ते तेवढ्यात कळतं. हळदू आतून करडा किंवा काळा. पर्शियन वगैरे नाही, केस आखूड, नाक सरळ. पहिला अंदाज रद्द.

१० ऑगस्ट

पांढऱ्या मांजराचा निळा डोळा म्हणजे कानाची शंका घ्यायची. दोन्ही डोळे निळे असले तर निम्म्याहून जास्त वेळा बहिरेपण असतं. एकच निळा असेल आणि बहिरेपण असलंच, तर बहुधा त्याच बाजूचा कान गेलेला असतो. जात कळो न कळो, हे कळायलाच हवं, कारण रस्त्यावरची गाडी त्याला ऐकू येणार आहे की नाही याचा प्रश्न आहे.

आमची पहिली चाचणी चुकली. वहिनींनी मागून फरशीवर ताट आपटलं, हळदू दचकला, आम्ही 'ऐकू येतं' लिहून मोकळ्या झालो. डॉक्टरांनी सांगितलं, फरशीची कंपनं पायाला लागतात, पूर्ण बहिरं मांजरसुद्धा दचकेल.

आज नीट केलं. हळदूला गादीवर बसवलं, पंखा बंद, मी समोर. वहिनी मागं उभ्या राहून बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरगळत होत्या, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. वारा अंगाला लागू नये म्हणून हात लांब. वीस वेळा. डावीकडून आवाज आला की मान डावीकडे. उजवीकडून आवाज आला की कान टवकारायचे आणि मान पुन्हा डावीकडेच. वीसपैकी सतरा वेळा डावीकडेच. ऐकू येतं, पण दिशा कळत नाही. निळ्या डोळ्याकडचा कान गेलेला असावा. पक्कं सांगायला यंत्राची चाचणी लागते. आम्ही फॉर्मवर 'घरातच ठेवायचा, मोकळा सोडायचा नाही' असं लाल पेनानं लिहिलं.

१९ ऑगस्ट

रेशमी रात्री व्याली. चार पिल्लं. चारही ठणठणीत.

१ सप्टेंबर

पिल्लांचे रंग आता स्पष्ट: एक पट्टेरी बोका (भडंग), एक काळा बोका, एक काळी भाटी, आणि एक काळं-तांबडं कबरं, म्हणजे भाटीच.

यातून बापाचा माग लागतो, म्हणून सविस्तर लिहिते. मांजरात तांबडा रंग एक्स गुणसूत्रावर बसतो. बोक्याला एकच एक्स, तो आईकडून. भाटीला दोन, एक आईचा एक बापाचा. रेशमी राखाडी, तिच्याकडे तांबडं नाही. तरी लेक कबरी झाली, म्हणजे तांबडं बापाकडून आलं. बाप तांबडा बोका. (कबरे बोके अगदी क्वचित असतात, एक एक्स जास्त घेऊन जन्मलेले.)

पण मग काळी भाटी कशी? तांबड्या बापाची प्रत्येक लेक तांबडा एक्स घेणारच, ती निव्वळ काळी होऊच शकत नाही. म्हणजे हिचा बाप वेगळा. मांजरीच्या एका विणीत दोन-तीन बाप असू शकतात, ही माहीत असलेली गोष्ट आहे. मी ग्रुपवर मोठा मेसेज टाकला, चित्र काढून.

९ सप्टेंबर

गणपतीला वहिनींची लेक अमेरिकेहून आली, येताना जातीच्या तपासणीचे दोन संच घेऊन. एकेक शंभर डॉलर, आपले साधारण ८,४००. गालाच्या आतून कापूस फिरवायचा आणि पाठवायचा. पहिला काजळीचा घेतला, कारण बर्मीजबद्दल मला खात्री होती. भाची परत जाताना घेऊन गेली.

१२ ऑक्टोबर

पिल्लं आठ आठवड्यांची झाली म्हणून लसीला नेली. डॉक्टरांनी 'काळी भाटी' उचलली, शेपटी वर केली आणि म्हणाले, हा बोका आहे.

बारा दिवसांचं असताना मी घाईत पाहिलं होतं. इतक्या लहानपणी दोन भोकांमधलं अंतर नीट पाहिलं नाही तर चूक होते. शेजारी दुसरं पिल्लू धरून तुलना करायला हवी होती, तीही मी केली नाही. दोन बापांचा सगळा डोलारा या एका चुकीवर उभा होता. काळे दोघंही बोके, त्यांना बापाचा एक्स मिळतच नाही. चौघांचाही एकच तांबडा बाप असला तर सगळं जुळतं. ग्रुपवर दुरुस्ती टाकली.

रंगावरून काही काढायचं तर आधी लिंग दोनदा, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासायचं.

१५ ऑक्टोबर

काजळीचा अहवाल: नमुना निकामी. बुरशी. मीच ओला कापूस झिप लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला होता, पावसाळी हवेत. कापूस पंख्याखाली वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. शिवाय ती नुकतीच जेवली होती, अर्धा तास तरी थांबायला हवं होतं. ८,४०० रुपये आणि पाच आठवडे गेले. तेवढ्यात आमच्याकडे जवळजवळ तीन मांजरींची ऑपरेशनं झाली असती. ही चूक मला फार लागली.

आज रात्री काजळीच्या पाठीवरचे केस फुंकरीनं बाजूला केले. टोकाला तांबूस, मधे तपकिरी आणि मुळाशी शाईसारखे काळे. टॉर्च लावून वहिनींना दाखवलं. तीन महिने तिला मांजराचं खाणं, उकडलेलं चिकन, अंडं मिळतंय. केसाचा काळा रंग तयार व्हायला मांस-माशातली प्रथिनं लागतात, ती कमी पडली की काळं मांजर तांबूस होतं. दूध-भाकरीनं ते भागत नाही. ऊनही केसांचा रंग उडवतं. ती बर्मीज नव्हती, उपाशी होती.

त्या म्हाताऱ्या जोडप्याला दोष नाही. स्वतःच्या ताटातलं देत होते.

२० ऑक्टोबर

आता रेशमीची पिल्लं नऊ आठवड्यांची आहेत. चौघांचेही केस आखूड, नाक सरळ. खोलीत आलेल्या एकानंही त्यांना पर्शियन म्हटलेलं नाही. "ही रेशमीची नव्हेत, कुणीतरी आणून टाकली असणार," असंही एक जण म्हणून गेला. मी स्वतः बाळंतपणाला बसले होते.

माझे इतक्या वर्षांचे अंदाज नेमके इथं उलटे पडले. लांब केसांचा गुण आई आणि बाप दोघांकडूनही मिळाला तरच दिसतो. आखूड केसांचा गुण एकाकडून आला तरी भारी पडतो. म्हणजे लांब केसांची पर्शियन आणि गल्लीतला साधा बोका यांची पिल्लं बहुतेक वेळा आखूड केसांचीच होणार. खरी निम्मी पर्शियन पिल्लं माझ्यासमोर बसली आहेत आणि एरवी मी डोळे झाकून त्यांच्यापुढं 'देशी' लिहिलं असतं. आणि ज्या लांब केसांच्या मांजरांपुढं मी 'मिक्स' लिहीत आले, त्यांच्या आई-बाप दोघांकडेही लांब केसांचा गुण होता. तो गल्लीतल्या साध्या दिसणाऱ्या दोन मांजरांतही लपून असू शकतो. केसांवरून पर्शियन ठरत नाही.

२७ ऑक्टोबर

मग रेशमीबद्दल तरी जात कळून काय उपयोग? एक आहे. पर्शियनांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो. एके काळी केलेल्या तपासण्यांत एक तृतीयांशाहून अधिक पर्शियनांत तो सापडला होता. आई-बापापैकी एकाकडूनच आला तरी पुरतो, म्हणजे रेशमीला असेल तर प्रत्येक पिल्लाला निम्मी शक्यता. कोल्हापूरला नेऊन सोनोग्राफी केली. १,५०० रुपये, गाडीखर्च वेगळा. दोन्ही मूत्रपिंडं स्वच्छ. परत येताना अंकलीच्या पुलावर वहिनींनी पिंजऱ्यात हात घालून तिचं डोकं कुरवाळलं.

दोन दिवसांनी ऑपरेशन. बसक्या नाकाच्या मांजराला भूल देताना श्वासाची काळजी जास्त घ्यावी लागते, डॉक्टरांनी शुद्धीवर येईपर्यंत समोरून हलू दिलं नाही.

९ नोव्हेंबर

रेशमीसाठी घर शोधायला मेसेज टाकला. सवयीनं 'पर्शियन' लिहिलं. दोन दिवसांत ३७ फोन. पहिला प्रश्न "मेल की फिमेल", दुसरा "मेटिंगला चालेल का". ऑपरेशन झालंय म्हटलं की फोन बंद. एकानं विचारलं, ऑपरेशन झालेली देता तर पैसे किती कमी घेणार? आम्ही मांजरं विकत नाही.

मेसेज काढून नवा लिहिला: 'राखाडी, लांब केस, रोज पंधरा मिनिटं विंचरावं लागतं, डोळे दिवसातून दोनदा पुसावे लागतात, एप्रिल-मेमध्ये कूलर हवा, ऑपरेशन झालेलं.' चार फोन. त्यातलं चौथं घर माधवनगरचं, निवृत्त शिक्षिका. त्यांनी विचारलं, कंगवा कुठला घ्यायचा?

१ डिसेंबर

बेदाणी परत आली.

कुपवाडच्या घरच्यांनी खोक्यात आणून दिली. "ताई, आम्ही सयामी म्हणून नेली. ही काळी पडत चाललीय. डुप्लिकेट निघाली." मी त्यांच्याशी भांडले नाही. सयामी हा शब्द मी लिहिला होता, त्यांनी नव्हता लिहिला. फॉर्मवर 'ताकाच्या रंगाची, टोकं काळसर, वयानं आणि थंडीनं गडद होत जाईल' एवढं लिहिलं असतं तर कदाचित त्यांनी नेलीच नसती, किंवा नेली असती तर ठेवली असती.

ती दोन दिवस कपाटामागून बाहेर आली नाही. चार महिन्यांत तिला त्या घराची सवय झाली होती.

८ डिसेंबर

बेदाणीचं ऑपरेशन. डाव्या कुशीवर टाका, त्यासाठी पाच बोटं मावतील एवढी जागा भादरलेली. ३,००० रुपये.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. बेदाणीच्या कुशीवर केस आलेत आणि ते गडद तपकिरी आहेत. ताकाच्या रंगाच्या अंगावर तेवढाच चौकोन, कडा सरळ, जणू कुणी खिसा शिवलाय. वहिनी घाबरल्या, बुरशी तर नाही ना? केस मऊ, कातडी स्वच्छ.

डॉक्टरांनी उलगडा केला. या मांजरांत रंग बनवणारं विकर गरम जागी काम करत नाही, थंड जागी करतं. म्हणून पोट-पाठ फिकट आणि कान, नाक, पंजे, शेपटी गडद. आईच्या पोटातल्या उबेत वाढतात म्हणून जन्मतः ही पिल्लं पांढरी असतात. भादरलेली जागा महिनाभर उघडी राहिली, रात्री गारठा, तिथली कातडी थंड, म्हणून नवे केस गडद आले. कुपवाडला ती 'काळी पडत होती' त्याचंही कारण हेच, वय आणि नोव्हेंबरचा गारवा.

हा गुणही आई-बाप दोघांकडून यावा लागतो. म्हणजे वाड्यातल्या त्या काळ्यापांढऱ्या आईकडेही तो होता, लपलेला. पाळीव सयामी बोका आम्ही मनानं उभा केला होता. दुसरा संच बेदाणीसाठी वापरला. कापूस वाळवला, कागदी पाकिटात घातला, सकाळी उपाशीपोटी.

२२ फेब्रुवारी

अहवाल आला. टोकं गडद होण्याचा गुण: दोन प्रती. लांब केसांचा गुण: एक प्रत, म्हणून दिसत नाही. जात: कुठल्याही जातीशी जवळचं साम्य नाही. डॉक्टर जूनमध्ये जे बोलले होते तेच.

२ मार्च

नवा फॉर्म छापला, शंभर प्रती. जातीचा रकाना काढला. त्याजागी केसांची लांबी, नाक सरळ की बसकं, डोळ्यांचा रंग आणि तो कितव्या आठवड्यात पाहिला, पांढरं असेल तर कानाची चाचणी, आणि 'आई प्रत्यक्ष पाहिली का'. खाली दोन ओळी मोकळ्या, रोज काय करावं लागेल ते लिहायला. जात कुणी विचारली तर तोंडानं सांगतो: माहीत असलेली एकच, रेशमी, आणि तिचीही कागदपत्रं नाहीत.

वर्षाचा हिशोब: संच १६,८००, ऑपरेशनं पाच मिळून १५,०००, लसी आणि फी ९,२००, सोनोग्राफी आणि गाडी २,९००. यातले १६,८०० मी पुन्हा खर्च करणार नाही. सोनोग्राफी पुन्हा करीन.

काजळी आता डांबरासारखी काळी आहे. हरिपूरचं जोडपं भेटायला आलं, त्यांनी ओळखली नाही. तिनं ओळखलं.

हळदू मिरजेत, दुसऱ्या मजल्यावर, जाळी लावलेल्या घरात. भडंग आणि दोन्ही काळे, तिघं एकाच शेतघरात विट्याजवळ. कबरी वहिनींच्या उशाशी.

११ मे

बेदाणीला मार्चअखेर इस्लामपूरच्या एका मुलीनं नेलं. देताना कुशीवरचा चौकोन दाखवला आणि सगळं सांगितलं. आज तिचा फोटो आला. उन्हाळ्याचं केस झडणं सुरू झालंय, चौकोनाच्या वरच्या कडेनं फिकट केसांची बोटभर पट्टी आली आहे. त्या मुलीनं खाली मोजपट्टी धरून माप लिहिलंय: दीड सेंटीमीटर. पुढचा फोटो जूनच्या पहिल्या आठवड्यात पाठवणार आहे.